जुन्या पद्मिनीचं काम २८ महिने रखडलंय. गाडी उचलून आणावी की अजून थांबावं?

सांजवात_ठाणे | ७ जून २०२५

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. काल गॅरेजमधून घरी आले आणि बाबांनी पहिल्यांदाच "काय म्हणाला?" असं विचारलं नाही. तेव्हा ठरवलं, आता लिहायचंच.

आमची प्रीमियर पद्मिनी १९८१ ची, मार्चमध्ये पासिंग झालेली. त्या काळी पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, हे इथल्या मोठ्यांना आठवत असेल. बाबांनी तशीच घेतली. मी याच गाडीवर शिकले, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि पुढचं सलग सीट. बाबा आता ७९ वर्षांचे आहेत, गुडघे साथ देत नाहीत. गाडी चालवायचा हट्ट नाही त्यांचा. शेजारी बसून येऊरपर्यंत एकदा जाऊन यायचंय, एवढंच म्हणतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडी गॅरेजला दिली. पूर्ण पत्रा, रंग, इंजिन ओव्हरहॉल, वायरिंग, सीटचं काम. अंदाज सांगितला ३ लाख ४० हजार, मुदत ६ महिने. कागद म्हणाल तर वहीच्या एका पानावरचा हिशोब, त्यावर सही नाही. आजवर २ लाख ६० हजार दिलेत, त्यातले २ लाख १० हजार बँकेतून गेलेत.

कारणं प्रत्येक वेळी वेगळी. डेंटर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा, गावी गेला. पत्रा खोलल्यावर सडका जास्त निघाला. गणपती. पावसात रंग मारता येत नाही. बीडिंग, म्हणजे दारा-काचांच्या कडांचं रबर, मिळत नाही. नवीन पेंटर शोधतोय. मग पुन्हा गणपती. मालक माणूस वाईट नाही, चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. पण काल बघितलं तर बॉडी करड्या प्रायमरमध्ये पत्र्याच्या शेडखाली उभी, एका बाजूने पावसाचं पाणी आत येतंय, दारं भिंतीला टेकवून ठेवलेली आणि सीटांवर दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा बंपर. इंजिन "लेथवर आहे" हे मी गेले ११ महिने ऐकतेय.

थांबावं का? गाडी उचलून दुसरीकडे न्यावी का? की कायद्याने जावं? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

पत्राकाम | ७ जून २०२५

ताई, बाकीचं नंतर. आधी त्या प्रायमरचं बघा, कारण आज ७ जून आहे.

साधा प्रायमर किंवा सरफेसर पाणी अडवत नाही, तो पाणी शोषून घेतो. तो फक्त वरच्या रंगाला पकड मिळावी म्हणून असतो. नुसत्या सरफेसरवर बॉडीने पावसाळा काढला की वरून सगळं ठीक दिसतं आणि आत पत्र्यावर गंज धरतो. वर्षभराने रंगाला फोड येतात, मग पेंटर म्हणतो रंग खराब होता. मारलेला प्रायमर इपॉक्सी असेल तर थोडा दम धरता येईल, तो ओल बऱ्यापैकी रोखतो. कोणता मारलाय ते विचारा, जमलं तर डबा बघा. साधा असेल आणि तुमच्या गाडीने आधीच एक-दोन पावसाळे असेच काढले असतील, तर रंग मारण्याआधी तो घासून पुन्हा पत्र्यापर्यंत जावं लागेल. हे आज कटू वाटेल, पण नंतर कळण्यापेक्षा बरं.

पावसात रंग मारता येत नाही हे मात्र खरं कारण आहे. हवेत दमटपणा असला की रंग पांढरट पडतो. रंगासाठी बंद बूथ (खोली) नसलेलं गॅरेज जूनमध्ये रंग मारायला तयार झालं, तर मीच नको म्हणेन. पण वेल्डिंग, वायरिंग, ब्रेक, सस्पेन्शन ही कामं पावसात होतात. ती का झाली नाहीत, हे विचारायला हवं.

फ्लोअर, दाराखालचे सिल, जॅक लावायची जागा, दारांच्या खालच्या कडा आणि डिक्कीत स्टेपनी बसते तो खड्डा, इथे बोटाने ठोकून बघा. पद्मिनी तिथेच सडते. ठोकल्यावर बद्द आवाज आला तर पत्रा कापून बसवलेला नाही, लांबी (पुट्टी) भरलीय. एक चुंबक घेऊन जा. लांबी जाड असेल तिथे तो धरणार नाही.

हेराल्ड_६८ | ८ जून २०२५

माझ्याकडे स्टँडर्ड हेराल्ड आहे. ती ४ वर्षं गॅरेजमध्ये होती, तेव्हा तुमचं दुःख मला नवं नाही. मी थांबलो आणि गाडी मिळाली, चांगली मिळाली. म्हणून माझं मत थोडं वेगळं आहे.

दुसऱ्याने खोललेली गाडी कोणी हातात घेत नाही, हे लक्षात ठेवा. खोलणाऱ्याच्या डोक्यात असतं की कुठला बोल्ट कुठला, कुठल्या वायरीला त्याने काय जोड दिला होता. नवीन मिस्त्रीसमोर नुसता पसारा असतो. तो एक तर नाही म्हणतो किंवा दुप्पट सांगतो, आणि पुढे काहीही बिघडलं तरी "आधीच्याने केलेलं" म्हणायला मोकळा. माझ्या ओळखीत दोघांनी भांडून गाड्या उचलल्या. त्यातली एक आजही ताडपत्रीखाली आहे.

मी दर शनिवारी सकाळी जायचो. फोन नाही, निरोप नाही, स्वतः जायचो. तासभर बसायचो, हाताने नट घासायचो. दुसऱ्या वर्षापासून त्यांना माझी सवय झाली, आणि शनिवारच्या आधी काहीतरी हलायला लागलं. तुम्हाला जमेल का माहीत नाही, पण महिन्यातून एकदा जाणाऱ्याची गाडी मागेच सरकत जाते.

लेथवाला_कोल्हापूर | ८ जून २०२५

मी उद्यमनगरात ३१ वर्षं इंजिनची कामं करतोय. गॅरेजवाल्यांची बाजू घेत नाही, पण हे असं का होतं ते आतून सांगतो. कारण कळलं तर तुम्हाला बोलता येईल.

गॅरेज चालतं रोजच्या गाड्यांवर. सकाळी आली, ऑइल बदललं, ब्रेक पॅड घातले, संध्याकाळी पैसे घेऊन गेली. कामगारांचा पगार आणि जागेचं भाडं त्यातून निघतं. जुनी गाडी म्हणजे रिकाम्या वेळेचं काम, आणि रिकामा वेळ कधी येत नाही. त्यात पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा बहुतेक वेळा कमीच असतो. मालकाला गाडी आवडलेली असते, काम सोडायचं नसतं, आणि पत्र्याखाली काय निघेल ते त्यालाही दिसत नसतं. खोलल्यावर कळतं की हे परवडणार नाही. तेव्हा सरळ येऊन "मला आणखी दीड लाख लागतील" म्हणायला जीभ रेटत नाही. मग गणपती, मग पेंटर, मग पाऊस. खोटं बोलायचंय म्हणून नाही, तोंड चुकवायचंय म्हणून.

दुसरी गोष्ट पैशांची. तुमची उचल आधीच्या कुणाच्या गाडीच्या सामानात गेली असणार, आणि तुमचं सामान पुढच्याच्या उचलीतून यायचं असणार. डेंटरचं काम उक्तं असतं. त्याने निम्मे पैसे आधी उचलले की तो दुसऱ्या शेडमध्ये दिसतो. तुम्ही ७६ टक्के पैसे देऊन बसलात आणि काम, तुम्ही लिहिलंय त्यावरून, चाळीस टक्क्यांच्या वर गेलेलं दिसत नाही. त्याच्या दृष्टीने तुमच्या गाडीत आता फक्त खर्च उरलाय. मिळकत नाही. हेच मूळ कारण आहे.

आता इंजिन. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, ६८ बोअर, ७५ स्ट्रोक, चार सिलिंडर. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं फेसिंग आणि व्हॉल्व्ह सीट हे सगळं मशीनवरचं काम दोन-तीन दिवसांचं आहे. रांग धरली तरी दोन-तीन आठवडे. ११ महिने इंजिन लेथवर नसतं. एक तर पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणायला पैसे दिलेले नाहीत, किंवा लेथवाल्याचं बिल थकलंय आणि त्याने ब्लॉक (इंजिनचा मुख्य भाग) धरून ठेवलाय. लेथवर स्वतः जा. गॅरेजवाल्याला सोबत घेऊन जा, म्हणजे त्याचा मान राहील. आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. जुन्या गाड्यांत ब्लॉक बदलले जातात, कधी मुद्दाम, कधी नुसत्या गोंधळात. नंबर जुळला नाही तर पुढे आरटीओत गाडी अडकेल.

सांजवात_ठाणे | ८ जून २०२५

लेथवाला दादा, तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे खरं आहे, आधी असं कुणी सांगितलं नाही." इंजिन नंबर मी कधी बघितलाच नव्हता. शनिवारी जाते.

हेराल्ड काका, दर आठवड्याला जायला मी तयार आहे. पण ४ वर्षं आमच्याकडे आहेत की नाही ते मला माहीत नाही.

सातारची_वकील | ९ जून २०२५

कायद्याचं थोडक्यात सांगते, आणि क्रम महत्त्वाचा आहे म्हणून तोही.

मुदत लिहून ठेवली नसली तरी काम वाजवी वेळेत करायचं असतं, हे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४६ मध्ये आहे. सहा महिने सांगून २८ महिने हे वाजवी आहे असं कुणी म्हणणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ही सेवेतली त्रुटी ठरते. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायची, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, गॅरेज कुठेही असो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ऑनलाइन भरता येते, वकील लागतोच असं नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा. बऱ्याचदा तिथूनच फोन गेला की हालचाल सुरू होते. एक सावधगिरी: तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. ते कारण नेमकं कधी घडलं यावर समोरचा वाद घालू शकतो, त्यामुळे "बघू, बघू" करत आणखी वर्ष घालवू नका.

आता त्याची बाजू. करार कायद्याचं कलम १७० म्हणतं की ज्याने वस्तूवर मेहनत आणि कसब खर्च केलंय, त्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. कायद्यातच हिऱ्याचं उदाहरण आहे: पैलू पाडायला दिलेला हिरा जवाहिऱ्याला मजुरी मिळेपर्यंत ठेवता येतो. पण हा हक्क झालेल्या कामापुरता आहे. न झालेल्या कामासाठी, जागेचं भाडं म्हणून किंवा अंदाजाचे उरलेले पैसे द्या म्हणून गाडी अडवता येत नाही. तेव्हा वाद काय झालं आणि त्याची किंमत किती यावर येऊन थांबतो. म्हणून मोजणी आधी.

नोटीस सगळ्यात शेवटी. नोटीस पोचली त्या दिवशी सुटे भाग हलायला लागतात, हे मी पाहिलंय. आधी फोटो, यादी, त्यावर दोघांच्या सह्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका आणि तो फोन विकू नका, पुराव्यात लागेल. रोख दिलेल्या ५० हजारांबद्दल एक साधा निरोप पाठवा, "अमुक तारखेला रोख दिले होते ते धरून एकूण २ लाख ६० हजार झाले ना?" त्याने नुसतं "हो ताई" लिहिलं तरी पुरे.

नानापेठ | ९ जून २०२५

सामानाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. "बीडिंग मिळत नाही" हे अर्धं खरं आहे. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ ला फियाट ११०० डिलाइट निघाली, मग प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी. २००० च्या आसपास ते थांबलं. त्यानंतरही सामान चालू राहिलं ते मुंबईच्या टॅक्सींमुळे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची, आणि २० वर्षं भरल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेरीला तीही गेली. रोज झिजणाऱ्या गाड्या होत्या तोवर रबर, बुश, किंगपिन दुकानात पडून असायचे. आता दुकानदार नवीन माल मागवत नाही.

तरी मिळतं. आमच्या पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर. चालायची तयारी हवी आणि जुना तुकडा हातात हवा. गॅरेजवाल्याला एवढं फिरायला वेळ नसतो. यादी घ्या, सामान स्वतः आणा, बिल स्वतःच्या नावाने करा. त्याला फक्त मजुरी द्या. मी असं केल्यापासून "सामान नाही" हे कारण माझ्यासाठी संपलं. रबर घेताना मात्र पिळून बघा. वर्षानुवर्षं पडून कडक झालेलं असेल तर चिरतं.

बुलडाणेकर | १० जून २०२५

माझ्या मते आणखी एक शनिवारही घालवू नये. लेथवाल्यांनीच सांगितलं की त्याच्यासाठी या गाडीत मिळकत उरलेली नाही. ज्याला मिळकत नाही तो सह्या करेल आणि पुन्हा बसून राहील. हेराल्डवाल्यांची गाडी आली याचा आनंद आहे, पण त्यांना ७९ वर्षांचे वडील वाट बघत नव्हते.

हेराल्ड_६८ | १० जून २०२५

हे तुमचं बरोबर आहे. मी ते धरून विचार केला नव्हता. तरी उचलायचीच असेल तर आधी ती चाकांवर आणा. पुढचं सस्पेन्शन, मागचे पाटे, चारही चाकं, स्टिअरिंग, आणि जमलं तर ब्रेक. नुसती बॉडी क्रेनने उचलताना वाकते. ढकलता येणारी गाडी कुठेही नेता येते.

सांजवात_ठाणे | २२ जून २०२५

दोन शनिवार गेले. सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा मी, माझा भाऊ आणि गॅरेजचा मालक असे तिघं लेथवर गेलो. दादा, तुम्ही म्हणालात तेच निघालं. ब्लॉक तिथे होता, बोअरिंग झालेलं होतं, आणि लेथवाल्याचे १४ हजार थकले होते. मालक खाली बघत उभा होता. मी काही बोलले नाही. नंबर जुळला, फोटो घेतला. १४ हजार मी परस्पर लेथवाल्याला दिले, पावती माझ्या नावाने घेतली आणि ते हिशोबातून वळते केले.

दुसऱ्या शनिवारी यादी केली. सकाळी ९ ते संध्याकाळी ६. प्रत्येक भागाचा फोटो, पिशवीवर चिठ्ठी. १८७ नोंदी झाल्या, दोघांच्या सह्या झाल्या. चुंबक फ्लोअरवर सगळीकडे धरला, म्हणजे तिथे पत्रा खरोखर बदललाय. डाव्या सिलवर धरला नाही. डेंटरने भरलेली लांबी आहे, आणि ते आपल्यालाही माहीत नव्हतं असं मालक म्हणतो. मला ते खरं वाटलं. प्रायमर साधा आहे.

मग बसून टप्पे लिहिले. पहिला, डावा सिल कापून नवा पत्रा आणि गाडी चाकांवर, ३१ जुलैपर्यंत, झाल्यावर २० हजार. दुसरा, इंजिन जोडून स्टँडवर चालू करून दाखवणं, ३१ ऑगस्ट, १५ हजार. तिसरा, इपॉक्सी आणि रंग, पावसानंतर. टप्पा चुकला तर गाडी नेण्याचा हक्क माझा, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं. लिहिताना म्हणाला, "ताई, दीड वर्षापूर्वीच तुम्हाला सांगायला हवं होतं, आकडा चुकला माझा." बुलडाणेकर, तुमचं मत वाचूनही मी एवढी संधी दिली. त्या वाक्यामुळे दिली.

आरटीओ_फेऱ्या | २३ जून २०२५

ताई, मार्च १९८१ चं पासिंग म्हणजे १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. तुमची आरसी मार्च २०२६ ला संपणार. नूतनीकरणाला गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते, आणि उशीर झाला तर खासगी चारचाकीला महिन्याला ५०० रुपये जादा. तारीख टप्प्यांत धरा. विंटेज नोंदणीचं कुणी सुचवेल, पण २०२१ च्या नियमांप्रमाणे त्याला ५० वर्षं पूर्ण लागतात. तुमची ४४ ची आहे.

आणि विमा चालू आहे का? बंद असेल तर आजच बोला. शेडमध्ये वेल्डिंग चालतं, थिनरचे डबे असतात. उभ्या गाडीला आग आणि चोरीपुरता मर्यादित विमा देता का, असं कंपनीला विचारा. गॅरेजचा स्वतःचा विमा ग्राहकाच्या गाडीला लागू होतो असं गृहीत धरू नका.

सांजवात_ठाणे | ७ सप्टेंबर २०२५

पहिला टप्पा ९ ऑगस्टला झाला. नऊ दिवस उशीर, पण काम चोख. सिल कापताना मी तिथे होते. २० हजार त्याच दिवशी दिले.

दुसरा झाला नाही. ३१ ऑगस्टला इंजिन ब्लॉकच होतं, पिस्टन मी आणून दिलेले तसेच खोक्यात. फिटर सोडून गेलाय. या वेळी मालकाने कारण दिलं नाही. म्हणाला, "माझ्याकडून आता होणार नाही, तुम्ही न्या." मला राग यायला हवा होता. सुटल्यासारखं वाटलं.

हिशोबाला बसलो. त्याने आणखी ६० हजार मागितले, मी यादी पुढे ठेवली. दोन तासांनी २२ हजारांवर आलो. सातारच्या ताईंनी फोनवर सांगितल्याप्रमाणे "पूर्ण व अंतिम" लिहून घेतलं. नोटीस पाठवावी लागली नाही.

आरटीओवाल्या दादा, ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या चारचाकीचं नूतनीकरण शुल्क ५ हजारांचं १० हजार झालंय, इतर कुणाची आरसी संपत असेल तर लक्षात असू द्या.

लेथवाला_कोल्हापूर | ७ सप्टेंबर २०२५

इंजिन माझ्याकडे पाठवा. ब्लॉक, हेड, क्रँक, कॅम, सगळं एका खोक्यात, क्रँक उभा बांधून, आडवा टाकू नका. पिस्टन पाठवा. जोडून, चालवून, व्हिडिओ करून परत पाठवतो. पैसे इंजिन चालल्यावर. रंगाचं दिवाळीनंतर बघा, हवा कोरडी होऊ दे.

सांजवात_ठाणे | १६ नोव्हेंबर २०२५

गाडी सप्टेंबरमध्ये फ्लॅटबेडवरून आमच्या सोसायटीत आली, स्वतःच्या चारही चाकांवर उतरली. सोबत ११ खोकी. इंजिन ऑक्टोबरमध्ये कोल्हापुरात चालू झालं. दादांनी पाठवलेला व्हिडिओ ४० सेकंदांचा आहे, बाबा तो कानाला लावून ऐकतात, बघत नाहीत. रंगासाठी भिवंडी रोडला बंद बूथ असलेले एक जण मिळालेत. त्यांनी आधीच सांगितलं की प्रायमर पत्र्यापर्यंत घासावा लागेल. टप्पे लिहून झालेत, पहिले पैसे इपॉक्सी मारल्यावर.

खोकी आमच्या हॉलमध्ये आहेत. मला वाटलं होतं नव्या मिस्त्रीला पसारा वाटेल. पण बाबा रोज दुपारी एक खोकं घेऊन बसतात. आमच्या चिठ्ठ्यांवर "क्लिप, लहान" असं लिहिलेलं असतं. ते खाली आपल्या अक्षरात लिहितात, "मागचं डावं दार, काच वरखाली करायच्या हँडलची, हिच्यामागे वॉशर असतो." नऊ खोकी झाली, दोन राहिलीत.

यादीतले दोन भाग सापडलेले नाहीत. डाव्या पुढच्या दाराची तिकोनी काच, फ्रेमसकट, आणि पुढच्या चाकाचा एक हबकॅप. कुणाकडे असतील किंवा कुठे बघितले असतील तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. हबकॅप चेपलेला असला तरी चालेल.

नानापेठ | १६ नोव्हेंबर २०२५

हबकॅप माझ्याकडे आहे. काचेसाठी मंगळवारी दुकानात विचारतो. उजव्या बाजूच्या फ्रेमचा फोटो मोजपट्टी धरून टाका.